एका राज्याने फौज उभी केली त्याची गोष्ट : विस्कॉन्सिन, १८६१ ते १८६५

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेच्या लोकांना अर्पण केलं. गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना माहीत असते. त्याच युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं आणि १८६५ ला युद्ध संपताच भलेभले बुडाले, हेही पुष्कळांनी वाचलेलं असतं. पण ते युद्ध लढायला गेलं कोण? त्यांना गोळा कुणी केलं, कपडे कुणी शिवले, पगार कुणी दिला? यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही. म्हणून आज जरा लांबचं लिहितोय. चहा घेऊन बसा.

सगळी अमेरिका एका पोस्टमध्ये मावायची नाही. एकच राज्य घेऊ, विस्कॉन्सिन. उत्तरेकडचं, थंड, गव्हाचं आणि जंगलाचं राज्य. १८४८ मध्ये राज्य झालेलं, म्हणजे युद्ध सुरू झालं तेव्हा वय वर्षं तेरा. १८६० च्या शिरगणतीत लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास. या एवढ्याशा राज्यातून चार वर्षांत सुमारे ९१ हजार माणसं फौजेत गेली आणि १२ हजारांवर परत आली नाहीत. त्यातही गोळीपेक्षा रोगराईने जास्त मेली.

१२ एप्रिल १८६१ ला दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट समटरवर मारा केला. तेव्हा केंद्र सरकारची खडी फौज होती जेमतेम १६ हजारांची, आणि ती बहुतेक पश्चिमेच्या चौक्यांवर विखुरलेली. १५ तारखेला लिंकनने राज्यांकडे ७५ हजार माणसं मागितली. किती दिवसांसाठी? तीन महिन्यांसाठी! कारण १७९५ च्या कायद्यात राज्यांची मिलिशिया तेवढ्याच काळासाठी बोलावता येत होती. म्हणजे बघा, देश फुटलाय आणि राष्ट्राध्यक्ष जुना कायदा उघडून 'मला किती दिवस परवानगी आहे' ते पाहतोय. आज हे हास्यास्पद वाटेल, पण मला त्यात त्या माणसाची कायद्याबद्दलची भीड दिसते. पुढे ही भीड बरीच चेपली, ते येईलच.

विस्कॉन्सिनच्या वाट्याला आली एक रेजिमेंट. एकच. केंद्राकडे भरतीचं खातंच नव्हतं म्हटलं तरी चालेल, त्यामुळे काम गव्हर्नरांवर सोपवलं गेलं. दिल्लीने मुंबईला निरोप धाडावा की एक पलटण पाठवा, कपडे-भांडी तुम्हीच बघा, खर्चाचं नंतर पाहू, तसला प्रकार. खर्च परत करण्याचा कायदा काँग्रेसने केला जुलैत.

आता या गव्हर्नरबद्दल. त्याचं नाव ॲलेक्झांडर रँडल. याची एक वर्षापूर्वीची करामत ऐकण्यासारखी आहे. पळून आलेल्या गुलामांना पकडून मालकाकडे परत पाठवायचा केंद्राचा कायदा होता आणि विस्कॉन्सिनला तो अजिबात मान्य नव्हता. या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्यही ठरवला होता. त्या भांडणाच्या ऐन भरात, १८६० मध्ये, रँडल सरकारने मिलिशिया कंपन्यांच्या कॅप्टनांची मनं चाचपली, की उद्या राज्य आणि केंद्र समोरासमोर आले तर तुम्ही कुणाचा हुकूम मानाल? मिलवॉकीच्या आयरिश कंपनीचा कॅप्टन गॅरेट बॅरी म्हणाला, मी केंद्राचा मानेन, नाहीतर तो देशद्रोह होईल. रँडलने ती कंपनीच मोडीत काढली, बंदुका काढून घेतल्या.

बॅरी आणि त्याची माणसं हट्टाला पेटली. नव्या बंदुकांसाठी पैसे उभे करायला त्यांनी बोटीची सहल काढली, मिलवॉकी ते शिकागो आणि परत. बोटीचं नाव लेडी एल्गिन. ८ सप्टेंबर १८६० च्या पहाटे परतीच्या वाटेवर मिशिगन सरोवरात तिला दुसऱ्या जहाजाची धडक बसली. सुमारे ३०० माणसं बुडाली, बॅरीसुद्धा. मिलवॉकीच्या आयरिश वस्तीत किती घरं ओस पडली असतील, कल्पना करा.

आणि सातच महिन्यांनी हाच रँडल, राज्याचा हुकूम केंद्राच्या वर मानणारा, केंद्राच्या बाजूने फौज उभी करायला सगळ्यांत पुढे. याला दुटप्पी म्हणावं का? मला नाही वाटत. त्याच्या दृष्टीने दोन्ही वेळा शत्रू एकच होता, गुलामगिरी. पण मिलवॉकीच्या आयरिश माणसाने त्याच्यावर का म्हणून विश्वास ठेवावा, हाही प्रश्न खराच.

तर फौज उभी राहायची कशी? कागदावर गव्हर्नर भरती करतो. प्रत्यक्षात करायचा गावातला चळवळ्या पोरगा. मॉस्टन नावाच्या गावाकडचा रूफस डॉझ घ्या. वय २२, नुकता कॉलेजातून बाहेर पडलेला. समटरची बातमी आली तशी त्याने लेमनवेअर नदीच्या खोऱ्यात फिरून शंभरेक पोरं गोळा केली. कंपनीला नाव दिलं लेमनवेअर मिनिट मेन. कॅप्टन कोण व्हायचं? पोरांनी मतदान केलं आणि डॉझ निवडून आला. मग या कंपनीला चिंता काय, तर राज्याचा कोटा एकाच रेजिमेंटचा आहे, आपला नंबर लागला नाही तर! गावोगाव असंच चाललेलं. सॉक काउंटी रायफलमेन, मॉन्टगोमेरी गार्ड्स, ओ क्लेअर बॅजर्स. गणपती मंडळांच्या नावांसारखी नावं, आणि कार्यकर्त्यांचा उत्साहही तसलाच.

अशा दहा कंपन्या जमल्या की एक रेजिमेंट. कंपनीत साधारण शंभर माणसं, एक कॅप्टन, दोन लेफ्टनंट, पाच सार्जंट, आठ कॉर्पोरल. वर कर्नल, लेफ्टनंट कर्नल आणि मेजर. कंपन्यांना ए पासून के पर्यंत अक्षरं, त्यातलं जे गाळलेलं, कारण हाताने लिहिताना आय आणि जे यांची गफलत व्हायची. खालचे अधिकारी पोरांनी निवडायचे, पण कर्नल-मेजर नेमायचा अधिकार गव्हर्नरचा आणि सगळ्यांच्या नेमणुकीच्या कागदावर सहीही त्याचीच. ही सही लक्षात ठेवा. पुढची निम्मी गोष्ट तिच्याभोवतीच फिरते.

रँडलने एका रेजिमेंटवर भागवलं नाही. त्याचं म्हणणं, हे तीन महिन्यांत उरकणारं काम नव्हे. केंद्र नको म्हणत असताना त्याने जास्तीच्या रेजिमेंटी तयार ठेवायला सुरुवात केली आणि मेच्या सुरुवातीला क्लीव्हलँडला जमलेल्या गव्हर्नरांच्या वतीने लिंकनला लांबलचक पत्र लिहून तेच बजावलं. मॅडिसनमध्ये शेती प्रदर्शनाचं मैदान होतं. जिथे गुरं आणि भोपळे मांडायचे तिथे तंबू पडले. हीच छावणी कॅम्प रँडल. युद्धभरात सुमारे ७० हजार माणसं तिथे कवायत शिकली. आज त्या जागेवर विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम आहे, नाव तेच. आपल्याकडची पोरं एम.एस. करायला तिकडे जातात, मॅचला जातात, तिथल्या कमानीखाली फोटोही काढतात.

पैसा आणला कुठून, हा भाग मला सगळ्यांत मजेदार वाटतो. विस्कॉन्सिनच्या बँका स्वतःच्या नोटा काढत आणि त्यांना तारण म्हणून राज्याकडे रोखे ठेवत. रोखे कुठले, तर बरेचसे दक्षिणेतल्या राज्यांचे! ती राज्यं फुटली, रोखे कोसळले, नोटांची रद्दी व्हायला लागली. जून १८६१ मध्ये मिलवॉकीत मजुरांना पगारात मिळालेल्या नोटा अचानक घेईनाशा झाल्या तेव्हा लोकांनी बँकांवर दगडफेक केली, फर्निचर रस्त्यावर आणून जाळलं. इकडे सरकारला युद्धकर्ज उभं करायचं होतं आणि न्यूयॉर्कमध्ये त्याला धड गिऱ्हाईक मिळत नव्हतं. शेवटी तोड अशी निघाली की बँकांनी दक्षिणेचे रोखे काढून टाकायचे आणि त्या जागी विस्कॉन्सिनचे युद्धरोखे तारण ठेवायचे. बँका तगल्या, फौजेला पैसे मिळाले. देशभक्ती होती, नाही असं नाही, पण हिशोबही पक्का होता.

कपड्यांची गोष्ट मात्र रडवणारी. पहिल्या रेजिमेंटींना राज्याने दिले करडे कपडे, मिळाले ते. करडा पुढे शत्रूचा रंग ठरला. २१ जुलै १८६१ ला बुल रनच्या लढाईत विस्कॉन्सिनची दुसरी रेजिमेंट करड्या कपड्यांत टेकडी चढली आणि पाठीमागून आपल्याच लोकांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या.

सैनिकाला महिना १३ डॉलर मिळत. शिवाय विस्कॉन्सिनने कायदा केला की घरी कुटुंब असेल तर राज्य वर ५ डॉलर देईल. हे ५ डॉलर वेळेवर पोचत नसत, तक्रारी भरपूर. तरी ज्या घरचा कर्ता माणूस गेलाय त्या बाईची जबाबदारी राज्याची आहे, हे कागदावर आलं. पुढे १८६२ मध्ये छावणीतूनच मतदान करायचा कायदाही केला. तो करणाऱ्या पहिल्या काही राज्यांत विस्कॉन्सिन होतं.

आता ती सही. समजा तुम्ही गव्हर्नर आहात आणि एक नवी रेजिमेंट काढायची आहे. म्हणजे एक कर्नल, एक मेजर, दहा कॅप्टन, वीस लेफ्टनंट, सर्जन, पाद्री, एवढ्या जागा वाटायला मिळतात. निवडणुकीत उपयोगी पडलेली माणसं दारात उभी असतात. जर्मनांना वाटतं आपली वेगळी रेजिमेंट हवी, नॉर्वेवाल्यांना आपली, आयरिशांना आपली. ते सगळं दिलं गेलं. नववी आणि सव्विसावी जर्मनांची, सतरावी आयरिशांची, पंधरावी स्कँडिनेव्हियनांची. पंधरावीत ओले नावाची इतकी पोरं होती की हजेरी घेणाऱ्याचे हालच. तिचा कर्नल हान्स क्रिस्टियन हेग चिकामॉगाला १८६३ मध्ये पडला. जाती-जमातीवर रेजिमेंटी म्हटलं की आपल्याला इंग्रजांचं राजकारण आठवतं. इथे मागणी खालून आली होती आणि भाषेची सोय हेही कारण होतं. हुकूम कळला पाहिजे ना!

वशिल्याच्या सगळ्याच नेमणुका वाया गेल्या असंही नाही. मिलवॉकीतल्या एका न्यायाधीशाने खटपट करून आपल्या १७ वर्षांच्या मुलाला चोविसाव्या रेजिमेंटमध्ये अधिकारी करून घेतलं. कर्नल वैतागला होता म्हणतात, हे पोर माझ्या गळ्यात का मारलं म्हणून. ते पोर म्हणजे आर्थर मॅकआर्थर. सव्वा वर्षाने मिशनरी रिजच्या चढावर रेजिमेंटचं निशाण हातात घेऊन तो वरपर्यंत गेला. दुसऱ्या महायुद्धातल्या डग्लस मॅकआर्थरचा हा बाप. पण एका मॅकआर्थरमागे किती नालायक कॅप्टन निघाले असतील, ते काढून टाकायला १८६१ च्या उन्हाळ्यातच परीक्षा मंडळं नेमावी लागली यावरून ओळखा.

कच्च्या रेजिमेंटीचं काय होतं ते शायलोला दिसलं. अठरावी विस्कॉन्सिन ३० मार्च १८६२ ला मिलवॉकीहून निघाली, ५ एप्रिलला टेनेसी नदीच्या काठी उतरली आणि ६ एप्रिलच्या सकाळी शत्रू तिच्या अंगावर आला. बंदूक नीट धरायलाही न शिकलेली शेतकऱ्यांची पोरं ती.

तोवर रँडल पायउतार झाला होता. नवा गव्हर्नर लुईस हार्वी औषधं आणि सामान घेऊन जखमींना भेटायला स्वतः शायलोला गेला. १९ एप्रिलच्या रात्री एका बोटीवरून दुसरीवर पाऊल टाकताना पाय घसरला, आणि तो नदीत गेला. पदावर येऊन साडेतीन महिनेही झाले नव्हते.

त्याची बायको कॉर्डेलिया. ती घरी बसली नाही. राज्याची प्रतिनिधी म्हणून मिसिसिपीकाठची लष्करी इस्पितळं पालथी घातली. तिथल्या दमट उष्म्यात तापाने पोरं मरतायत, त्यांना उत्तरेच्या थंड हवेत आणा, एवढीच तिची मागणी. लष्कराचं उत्तर, घराजवळ आणलं तर पोरं पळून जातील. १८६३ मध्ये ती थेट लिंकनच्या पुढ्यात जाऊन बसली. तो टाळत होता, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. शेवटी मॅडिसनमध्ये इस्पितळ मंजूर झालं आणि त्याला हार्वीचं नाव दिलं. गव्हर्नरांच्या या सगळ्या यादीत मला सर्वांत कर्तबगार वाटते ती ही बाई, जिच्या हातात कुठलीच सही नव्हती.

हार्वीच्या जागी आला एडवर्ड सॉलोमन, प्रशियात जन्मलेला जर्मन. त्याच्या वाट्याला १८६२ चा उन्हाळा आला. एप्रिलमध्ये युद्धमंत्री स्टँटनने 'आता पुरे' म्हणून भरतीची कार्यालयंच बंद केली होती. (इतका फाजील आत्मविश्वास!) जुलैत लिंकनला आणखी तीन लाख माणसं तीन वर्षांसाठी हवी झाली आणि ऑगस्टमध्ये वर तीन लाख नऊ महिन्यांसाठी. स्वखुशीने आले तर ठीक, नाहीतर चिठ्ठ्या टाकून सक्तीने.

मिलवॉकीच्या उत्तरेला ओझॉकी काउंटी. लक्झेंबर्गहून आणि जर्मन मुलखांतून आलेले कॅथलिक शेतकरी. यातल्या कित्येकांनी मायदेश सोडला तोच राजाच्या सक्तीच्या लष्करी नोकरीला कंटाळून. त्यांना वाटत होतं की चिठ्ठ्यांत वशिला चाललाय, बड्यांची पोरं सुटतायत. १० नोव्हेंबर १८६२ ला पोर्ट वॉशिंग्टनच्या कोर्टात चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली आणि जमाव आत घुसला. भरती अधिकारी विल्यम पॉर्सला पायऱ्यांवरून खाली लोटलं, कागदपत्रं नष्ट केली, सरकारच्या बाजूच्या लोकांची घरं फोडली. पॉर्स स्वतः जर्मनच. सॉलोमनही जर्मन. त्याने आपल्याच भाषेच्या लोकांवर फौज पाठवली आणि शंभरावर माणसं पकडून आणली.

पकडलेल्यांपैकी निकोलस केम्पसाठी हेबियस कॉर्पसचा अर्ज झाला. राज्याच्या सुप्रीम कोर्टाने जानेवारी १८६३ मध्ये सांगितलं की हेबियस कॉर्पस स्थगित करायचा अधिकार काँग्रेसचा आहे, राष्ट्राध्यक्षाला तो एकट्याने वापरता येणार नाही. ऐन युद्धात, युद्धाला पाठिंबा देणाऱ्या राज्याच्या कोर्टाने! आरोपी सुटले. मार्चमध्ये काँग्रेसने कायदा करून लिंकनला तो अधिकार देऊन टाकला.

त्याच मार्चमध्ये सक्तीच्या भरतीचं काम राज्यांकडून काढून केंद्राने आपल्या हाती घेतलं. नव्या कायद्यात सोय होती, बदली माणूस द्या किंवा ३०० डॉलर भरा आणि सुटा. १३ डॉलर महिन्याच्या हिशोबाने ही सैनिकाची जवळजवळ दोन वर्षांची कमाई. मग गावं वर्गणी काढून, कर बसवून बक्षिसाची रक्कम उभी करायला लागली, की बाहेरचा कुणी येऊन आपल्या गावाच्या नावावर भरती होईल आणि आपल्या पोरांच्या चिठ्ठ्या टळतील. १८६१ मध्ये 'आमचा नंबर लागेल ना' म्हणून झुरणारी हीच गावं.

काळ्या माणसांना विस्कॉन्सिनने आपल्या रेजिमेंटींत घेतलं नाही. एकोणतिसाव्या 'कलर्ड' रेजिमेंटची एफ कंपनी तेवढी विस्कॉन्सिनच्या कोट्यात मोजली गेली. कोटा भरायला त्यांची डोकी चालली. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेचा विचार करताना ही कंपनी माझ्या डोळ्यांसमोर येते.

आता राहिला तो मुद्दा, ज्यासाठी मी विस्कॉन्सिन निवडलं. लढाया आणि रोगांनी हजाराची रेजिमेंट वर्षभरात तीनशेवर येते. नवी माणसं मिळाली की दोन मार्ग असतात. एक, जुन्या रेजिमेंटीत घाला, म्हणजे मुरलेल्या शिपायांच्या शेजारी उभी राहून ती आठवड्यांत शिकतील. दोन, नवी रेजिमेंट काढा, म्हणजे चाळीसेक नव्या जागा वाटायला मिळतील. बहुतेक राज्यांनी दुसरा मार्ग धरला. जुन्या रेजिमेंटी झिजून मेल्या आणि शेजारी कोरे कॅप्टन कोऱ्या पोरांना घेऊन उभे राहिले. विस्कॉन्सिननेही नव्या काढल्याच, पायदळाचीच संख्या पन्नासच्या वर गेली, पण जुन्यांत माणसं भरत राहण्याचं काम या राज्याने इतरांपेक्षा नेटाने केलं. जनरल शर्मनने आपल्या आठवणींत हे मुद्दाम नोंदवलंय. विस्कॉन्सिनची एक रेजिमेंट म्हणजे इतरांची ब्रिगेड, असा त्यांचा हिशोब असे.

शर्मन पश्चिमेकडचा सेनापती. पूर्वेला गेलेल्या पोरांना हा हिशोब तितकासा लागू पडला नाही. दुसरी, सहावी आणि सातवी विस्कॉन्सिन 'आयर्न ब्रिगेड'मध्ये होत्या. बुल रनला करड्या कपड्यांत मार खाल्लेली ती दुसरी, १ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या रानात सुमारे ३०० माणसं घेऊन शिरली. संध्याकाळपर्यंत त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त मेलेली, जखमी किंवा बेपत्ता. उत्तरेच्या सगळ्या रेजिमेंटींत, माणसांच्या प्रमाणात लढाईत सर्वांत जास्त मेले ते हिचे. जून १८६४ मध्ये तीन वर्षांची मुदत भरली तेव्हा रेजिमेंट चालू राहण्याइतकी माणसं पुन्हा सही करायला उरली नव्हती. बाकीचे घरी गेले. मागे राहिलेल्यांची आधी दोन कंपन्यांची बटालियन केली, आणि नोव्हेंबरमध्ये ती सहावीत मिसळून टाकली. लेमनवेअरचा रूफस डॉझ तोवर मुदत संपवून घरी परतला होता. सहावीत आता निम्मेशिम्मे चेहरे चिठ्ठीत नाव निघालेल्यांचे आणि पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागी आलेल्यांचे होते. त्या हिवाळ्यात पीटर्सबर्गच्या खंदकांत १८६१ चे जुने शिपाई त्यांना बंदूक भरायला शिकवत होते.